सनकोटातलं ऊन

"गोळ्या घेते?"

"घेती."

"दूध?"

"दोन टायमाला."

"आणि ऊन?"

"रोज अकराला, गच्चीवर. तुमी सांगितल्या तशा दोरीवरच्या उड्या बी मारती, मॅडम."

मी फिजिओथेरपिस्ट, क्लिनिक नारायणगावात. समोर तेरा वर्षांची अनुष्का आणि तिची आई, सुनंदावहिनी. अनुष्काला स्कोलिओसिस आहे, म्हणजे कणा एका बाजूला वाकलेला. तो आणखी वाकू नये म्हणून ती ब्रेस घालते, प्लॅस्टिकचा कडक पट्टा. अशा मुलांची हाडं बऱ्याचदा नाजूकही असतात. हिची होतीच. पुण्याच्या सर्जननी बजावलं होतं, "वाक वाढला तर ऑपरेशन. आणि कच्च्या हाडात स्क्रू नीट धरत नाहीत. आधी हाडं भरू द्या."

म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या जोडीला ऊन आणि उड्या. उन्हानं व्हिटॅमिन डी मिळतं, उड्यांनी हाडांवर भार पडतो. भार पडला की हाड घट्ट होतं. तरी रिपोर्टमध्ये डी जेमतेम हललेलं. माझं काय चुकलं, कळेना.

पुढच्या रविवारी आळेफाट्याहून येताना स्कुटी त्यांच्या दारात वळवली. गच्चीवर उड्या जोरात चालू होत्या. मारणारी मात्र ओळखू येईना. सनकोट, हातमोजे, स्कार्फ. उघडे फक्त डोळे.

"वहिनी, हे काय?"

"ऊन घेती न्हवं का! काळी पडली मंजी? आधीच पाठीचं आसं. उद्या बघायला आलेलं पावणं काय म्हणतील?"

"अहो, सगळं ऊन स्कार्फच खातोय. हाडांना काय मिळणार?"

वहिनींनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमचं तरी काय उघडं हाये, मॅडम?"

मीही सनकोटात, मोज्यांत. लेक्चर स्कार्फच्या आतूनच चाललेलं. अनुष्का इतकी हसली की दोरी पायात अडकली.

मग मी सनकोट, मोजे, स्कार्फ उतरवले आणि दोरी हातात घेतली. लगेच धाप लागली.

"मॅडम, बसा राव," अनुष्का म्हणाली. "आधी तुमचीच हाडं तपासू."

वहिनी जरा घुटमळल्या. मग त्यांनीच पोरीचा स्कार्फ सोडला. "पावण्यांचं बघू मागनं. पोरगी ताठ ऱ्हायली पायजे."

काही महिन्यांनी डी नॉर्मलला आलं. एक्सरेत वाक होता तिथंच थांबलेला. ऑपरेशन तूर्त टळलं, ब्रेस अजून आहे. गोळ्यांचं श्रेय किती आणि उन्हाचं किती, मला सांगता येणार नाही. आता मी पेशंटला ऊन सांगताना कपडेही सांगते. सांगण्याआधी स्वतःचा स्कार्फ काढते.