तीन महिन्यांची सक्त मनाई

बायपास झाल्यावर हॉस्पिटलने जमालभाईंना घरी जाताना दोन वस्तू दिल्या: एक लाल उशी आणि एक पुस्तिका. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांना हिसका बसत नाही. बाकी सगळं पुस्तिकेत होतं, पण इंग्रजीत. आणि जमालभाईंचं इंग्रजीशी रत्नागिरीतच, सातवीत वाजलं होतं. त्यामुळे वाचून सांगायचं काम दत्तप्रसादकडे आलं.

दत्तप्रसाद म्हणजे घरचाच. चौदा वर्षं जमालभाई पहाटे आखातातल्या अजमानहून गाडी काढत आणि चौघांना सिलिकॉन ओएसिसला ऑफिसात नेत. पुढची सीट दत्तप्रसादची, कायमची.

"पाच किलोच्या वर उचलायचं नाही. रोज चालायचं. लोणचं खलास." दत्तप्रसादने पान उलटलं. "आणि ड्रायव्हिंग तीन महिने बंद."

"तीन?"

"सक्त मनाई, जमालभाई. ठळक अक्षरांत आहे."

'इथे हरवेल' म्हणून पुस्तिका त्याने स्वतःकडेच ठेवली. गाडीची किल्लीही; तोवर गाडी तोच चालवणार होता. चौघांनी भेटीला येऊन उशीवर मार्करने सह्या केल्या, तेव्हा जमालभाईंचे डोळे भरून आले होते.

मग ते शहाण्या मुलासारखे वागले. फुप्फुसांच्या व्यायामाला आणलेल्या नळीतून श्वास ओढून प्लास्टिकचे तीन गोळे वर चढवले, बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या, सुक्या बोंबलाकडे पाठ फिरवली. सगळं कशासाठी, तर परत स्टिअरिंग हातात यावं म्हणून.

सहा आठवडे होत आले त्या रविवारी दत्तप्रसाद गाडी धुवायला खाली लावून गेला. नववीतली लेक झारा घरातली दुसरी किल्ली घेऊन आपला चार्जर शोधायला गाडीत गेली आणि पुस्तिका घेऊन वर आली.

"अब्बा, इट सेज सिक्स वीक्स. देन आस्क युअर डॉक्टर."

"नीट वाच."

"आय डिड!"

जमालभाईंनी बायकोकडे पाहिलं. साजिदा भेंडी चिरत होती, चिरतच राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी एमिरेट्स रोडवर तुम्हाला कळ आली, तेव्हा गाडी तीन लेन तिरकी गेली. चौघं आत होते. त्यांना आता तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते. तोंडावर कोण सांगणार?"

"म्हणून पुस्तकाच्या तोंडून सांगितलं?"

साजिदाने भेंडी संपवली आणि कांदा घेतला.

सोमवारी डॉक्टरांनी छाती तपासली, रिपोर्ट पाहिले आणि गाडी चालवायला परवानगी दिली.

मंगळवारी पहाटे चौघं खाली आले, तेव्हा जमालभाई इस्त्रीच्या शर्टात ड्रायव्हर सीटवर बसले होते. ती दुसरी किल्ली घरातच होती. पट्टा छातीला काचू नये म्हणून मध्ये उशी. खिडकीतून त्यांनी पुस्तिका बाहेर धरली.

"दत्ता, वाच. जोरात."

दत्तप्रसादने घसा खाकरला. "सहा आठवडे."

"ठळक आहे?"

"नाही."

"बरं. बस मग."

बाकीचे तिघे मोबाइलमध्ये बघू लागले. दत्तप्रसादचा हात दरवाजापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आज आम्ही टॅक्सीने जातो, जमालभाई. तुम्ही सावकाश या."

जमालभाईंनी छातीवरची उशी काढून दत्तप्रसादच्या सीटवर ठेवली. चारही सह्या वर आल्या. गाडी भरली म्हणायची. त्यांनी गिअर टाकला.

पहिल्या राउंडअबाउटलाच खोकला आला. त्यांचा हात उशीकडे गेला; पण ती उचलली तर सीट रिकामी. हात तसाच स्टिअरिंगवर परत आला.