जोडीनं पळायचे एकवीस किलोमीटर

२०२३ साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या वयात माणसानं सकाळी पेपर वाचावा, दुपारी झोपावं, संध्याकाळी भाजी आणावी. मी पुण्याहून रेल्वेत बसून इंदूरला पळायला गेलो. तेही बायकोला घेऊन. खरं तर तीच मला घेऊन गेली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्म इंदूरचा. सांवेर रोडवर एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होतो आणि कुठली मशीन कुठं कण्हते हे मला इंजिनियरच्या आधी कळायचं. मुलाला पुण्यात नोकरी लागली, तो आम्हाला तिकडे घेऊन गेला. माझी मराठी ऐकून पुण्यातले लोक गालात हसतात, मधेच हिंदी येते म्हणून. हसू द्या. मी त्यांचे पोहे खाऊन कधी हसलो नाही. रडूच येतं.

तर पळण्याचं. बायकोची साखर वाढली, डॉक्टरनं चालायला सांगितलं. आमच्या सोसायटीत बायकांचं एक टोळकं आहे, पहाटे मैदानावर जमतं. ही त्यांच्यात गेली. आधी चालली, मग थोडं पळाली, मग रोजच पळायला लागली. बासष्टाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस घालून. मुलानं तिला बूट आणून दिले, पोपटी रंगाचे. मी म्हटलं, हे बूट आहेत की मिठाईचा डबा? ती काही बोलली नाही. ती सहसा बोलत नाही, आणि मला वाटायचं की बोलत नाही म्हणजे पटलंय.

या पळणाऱ्या लोकांसारखे लोक मी आयुष्यात बघितले नाहीत. कारखान्यात दिवसभर उभं राहून आमचे पाय सुजायचे, पण त्याची चर्चा कोणी केली नाही. हे लोक एक गुडघा दुखला तर आठवडाभर त्यावर बोलतात. मनगटावरचं घड्याळ त्यांना सांगतं की तुम्ही दमलात. अरे, दमलो हे समजायला घड्याळ लागतं? खिशात चिकट गोड लापशीच्या पुड्या ठेवतात आणि पळता पळता चोखतात, लहान मुलं चोखतात तशी. आणि हे सगळं कशासाठी? मागे कुत्रं नाही, पुढे बस नाही.

तर त्या टोळक्यानं ठरवलं की इंदूरला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, तिथं जायचं. त्याला ते अर्धी मॅरेथॉन म्हणतात. अर्धी का, तर पूर्ण कोणाला झेपत नाही. इंदूर म्हटल्यावर हिचा चेहरा फुलला. ती म्हणाली, माझ्या गावात आहे, मी पळणार. त्यात एक जोडीचा गट होता, नवरा-बायकोचा. दोघांनी बरोबर निघायचं आणि चार तासांच्या आत हातात हात धरून बरोबरच रेघ ओलांडायची. एक पुढं आणि एक मागं आले तर जोडी बाद. मी म्हटलं, असले धंदे आपण करत नाही. ती शांतपणे म्हणाली, “राहू द्या. तुम्हाला झेपायचंही नाही.”

मला झेपायचं नाही! मुलाला म्हटलं, भर फॉर्म.

पुढचे चार महिने रोज संध्याकाळी मी तिच्याबरोबर निघायचो. बरोबर म्हणजे कसं, मी पुढं आणि ती मागं. आमचं लग्नापासून असंच आहे. बाजारात, लग्नकार्यात, स्टेशनवर मी दहा पावलं पुढं, ती पिशवी घेऊन मागं. माझे वडील असेच चालायचे, आमच्या गल्लीतले सगळेच पुरुष असे चालायचे. बायकोच्या खांद्याला खांदा लावून चालणारा माणूस आम्हाला सिनेमातला वाटायचा. मी कोपऱ्यावर जाऊन थांबायचो आणि ती आली की पुन्हा चालायला लागायचो. यात कुणाला काही वाईट वाटत असेल असं माझ्या मनातही नव्हतं.

इंदूरच्या गाडीत बसल्यावर तिनं मला नीट सांगितलं. समोरच्या बाकावरचे लोक झोपले होते. ती म्हणाली, “मला मेडल नको, फोटो नको. तुम्ही तिथं माझा हात धरून माझ्याबरोबर पोचा. एकदाच. मग मी पुन्हा तुम्हाला कुठं चला म्हणणार नाही.” मी म्हटलं, बरं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं गंभीर कशाला व्हायचं, असं वाटलं आणि मी कूस बदलली.

तिचा भाऊ छत्रीबागेत राहतो. तो म्हणाला, आमच्याकडे उतरा. मी नाही म्हटलं. पळायला आलेला माणूस सासुरवाडीत उतरला तर साले लोक वर्षभर चहाबरोबर तीच गोष्ट पुरवतील. स्नेहलतागंजात स्टेशनजवळ लॉज घेतला. आदल्या दिवशी पुण्याच्या टोळक्यानं सगळ्यांना एका हॉटेलात पिवळ्या सॉसमधल्या नळ्या खायला बोलावलं. म्हणे उद्यासाठी अंगात ताकद साठवायची. मी दोन कचोऱ्या खाल्ल्या, वर शिकंजी प्यायलो आणि मस्त झोपलो.

शर्यतीच्या दिवशी पहाटे थंडी कडाक्याची होती. मैदानावर स्टेजवर एक मुलगी उड्या मारत होती आणि खाली हजार माणसं तिच्याकडे बघून हात वर-खाली करत होती. सगळ्यांच्या छातीवर नंबर, पार्सलच्या खोक्यावर लावतात तसे. जोडीवाल्यांना वेगळे बनियन दिले होते. माझ्यावर अर्धा बदाम, तिच्यावर अर्धा बदाम, दोघं शेजारी उभे राहिले की बदाम पूर्ण. मी वरून स्वेटर घातला आणि नंबर त्यावर लावला. ज्या गावात मला लोक फिटरसाहेब म्हणायचे, तिथं मी अर्धा बदाम घेऊन फिरायचं? ती म्हणाली, गरम होईल. मी म्हटलं, माझं मी बघतो.

निघालो. पहिले काही किलोमीटर मी खरोखर तिच्याबरोबर होतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मुलानं असं धरलं की मी सुरुवातीपासूनच निघून गेलो. नाही. ती बारीक पावलांनी, एका लयीत पळायची, शिवणयंत्र चालतं तशी. मला तो वेग धड चालण्याचाही नाही आणि पळण्याचाही नाही असा वाटायचा. मी हळूहळू दोन पावलं पुढं व्हायचो, मग ती “अहो” म्हणायची, मग मी मागं यायचो. आमच्या शेजारून पुण्याची एक तरुण जोडी गेली, दोघांच्या कानात गाणी ऐकायच्या एकाच वायरीचं एकेक बोंड. रस्त्याच्या कडेला एक जण पोह्याच्या कढईमागून ओरडला, “काकाजी, शादी में जा रहे हो क्या, आराम से!” बायको हसली. ती पळताना हसू शकते हे मला तेव्हा कळलं.

दहाव्या किलोमीटरला मी घामानं भिजलो होतो आणि स्वेटर काढायला तयार नव्हतो. तेराव्याला ती म्हणाली की आपण वेळेत आहोत, असंच जात राहू. ती ते सगळं मनात मोजत होती, घड्याळ न बघता. माझ्या हाताखाली अशी पोरं कामाला असती तर मी कारखान्यात सुखी झालो असतो. पण हे मी तिला म्हटलं नाही.

सोळाव्याच्या पुढे एक म्हातारा आमच्या बाजूनं गेला. पांढरी टोपी, बारीक पाय, माझ्याच वयाचा असेल. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं आणि इंदुरी ठेक्यात म्हणाला, “भिया, आंटी के भरोसे चल रहे हो?”

बस. एवढंच म्हणाला आणि गेला.

मी त्याच्या मागं लागलो. आधी म्हटलं, नुसतं गाठायचं आणि थांबायचं. त्याची पाठ माझ्यासमोर होती आणि ती पाठ मला सहन होत नव्हती. मागून हाक आली, “अहो, थांबा.” मी तिच्यापासून पन्नास पावलांवर असेन.

ही हाक मी ऐकली नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. मुलाला, सुनेला, तिच्या भावाला. ऐकली होती. स्वच्छ ऐकली होती. थांबलो नाही, कारण पांढरी टोपी पुढं होती. आणि आणखी एक खरं सांगतो. पुढं सगळं गाव उभं होतं, माझ्या ओळखीचेही कोणी असतील, त्यांच्यासमोर तिचा हात धरायची मला लाज वाटत होती. म्हटलं, कोपऱ्यावर जाऊन थांबू, ती येईलच. ती येतेच.

विसाव्याला मी त्या म्हाताऱ्याला मागं टाकलं. त्याच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. पायांत गोळे आले होते, छाती फुटायला आली होती, पण मी थांबलो नाही. थांबायचा कोपरा कुठला ते मी ठरवलंच नव्हतं. कमान दिसली, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी त्या कमानीखालून पलीकडे गेलो.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक टकला माणूस हातात यादी घेऊन उभा होता. त्यानं माझा नंबर पाहिला. “दादाजी, जोड़ी में हो. मॅडम कहाँ है?”

मी म्हटलं, “पीछे है. आ रही है.”

“साथ में आना था ना.”

“तो ठीक है, मैं वापस जाता हूँ. उसके साथ फिर आ जाऊँगा.”

तो हसला नाही, हे त्याचं नशीब. म्हणाला, नंबरात मशीन आहे, एकदा रेघ ओलांडली की लागलं ते लागलं, आता परत जाऊन काही होत नाही. मी त्याला सांगितलं की मशीन मला शिकवू नको, मशीन माणूस बनवतो आणि माणूसच दुरुस्त करतो. त्यानं यादी माझ्याकडे फिरवून आमच्या जोडीपुढची बादची खूण दाखवली. मी त्याच्या बाजूनं परत जायला निघालो तर तिथल्या दोघा पोरांनी मला धरून कडेला नेलं, पोचणाऱ्या प्रत्येकाला देतात ते मेडल गळ्यात अडकवलं आणि हातात लिंबूपाण्याचा पेला दिला. आवाज चढवून मी पुष्कळ बोललो. कोणी ऐकत नव्हतं. स्पीकरवर नाच चालू होता.

बारा मिनिटांनी ती आली. चार तासांना अजून सात मिनिटं बाकी होती. तीच लय, तीच बारीक पावलं. कमानीच्या अलीकडे तिची मान हलली, ती मला शोधत होती. अलीकडच्या गर्दीत शोधत होती, कडेच्या दोरीपाशी शोधत होती. मग तिला मी दिसलो, रेघेच्या पलीकडे, पेला घेऊन उभा. तिचा पाय क्षणभर अडखळला. मग ती एकटीच आत आली.

मी पेला पुढं केला. तिनं घेतला नाही. म्हणाली, “सतराव्यावर मी हाक मारली होती.”

मी म्हटलं, “केवढा स्पीकर होता.”

“तिथं स्पीकर नव्हता.”

मग ती फुटपाथवर बसली आणि पोपटी बुटांच्या नाड्या सैल केल्या. पुण्याच्या बायका आल्या, तिला मिठ्या मारल्या, काकू काकू करत फोटो काढले. एकीनं विचारलं, काका कुठं होते? ती म्हणाली, पुढं होते.

बाहेर रिक्षा मिळाली. मी उभा राहिलो, ती आत बसली. मी पाय आत टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, “तुम्ही लॉजवर जा. मी भावाकडे चालले. उद्याच्या गाडीनं तुम्ही व्हा पुढे, मी येईन मागून.” आवाज चढलेला नव्हता. रिक्षावाल्याला म्हणाली, “छत्रीबाग, भैया,” आणि गेली. बावीस वर्षांची असताना ती अशी माझ्याकडे न बघता गेली असती तर मी रिक्षामागं धावलो असतो. त्या दिवशी पायांत गोळे होते.

दिवसभर लॉजमध्ये पडून राहिलो. मुलाचा फोन आला, त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बाबा, असं कसं केलंत, म्हणाला. मी म्हटलं, पुणेकरांनी मला पळायला शिकवू नये. फोन ठेवला. दुपारी तिच्या भावाचा आला. जिजाजी, ताई काही बोलत नाही, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दमली असेल. तो म्हणाला, दमलेली नाही वाटत, पोळ्या लाटतेय. मेडल खुंटीला टांगलं होतं, पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवर आपटत होतं. काढून पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. परतीचं तिकीट मी पुण्यातच खिडकीवर काढलं होतं, मोबाइलच्या तिकिटावर माझा भरवसा नाही. खिडकी आठला उघडते. तासभर उभा राहिलो, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. खिडकी उघडली, मी तिकीट रद्द करायचा फॉर्म सरकवला. क्लर्कनं तिकिटावरची दोन्ही नावं वाचली आणि विचारलं, “एक कैंसल करना है कि दोनों?”

मी म्हटलं, “दोनों.”

मग बॅग उचलली आणि छत्रीबागेची रिक्षा केली.