मुठी उघडा

आमच्या घरात मला टेपरेकॉर्डर म्हणतात. कळ दाबली की तेर सुरू. म्हणजे मी शिकवतो गणित, तेही धाराशिवच्या शाळेत. पण रविवार आला की हौशी मंडळींना तेर गावातून पायी फिरवायचं आणि दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल समुद्रापलीकडं कसा जायचा ते सांगायचं, हा माझा जुना नाद. मान थोडा, घसा मात्र दर सोमवारी बसलेला.

या फिरण्यात सगळ्यांच्या मागं बायको असायची. तेर तिचं माहेर. माझं ऐकायला ती येत नसे. ते ऐकून तिचे कान किटले होते. ती यायची भावाच्या घरी जेवायला, आणि वाटेत मला लगाम घालायला. मी एखाद्या राजाच्या आजोबांपर्यंत पोचलो की मागून आवाज यायचा, "अहो, आटपा आता. ऊन चढायलंय, माणसं मारायलाव का?" लोक हसत. पुढंपुढं तर मी मुद्दामच लांबण लावायचो. तिचा आवाज आला नाही तर कार्यक्रम अळणी वाटायचा.

शेवटचा थांबा टेकाडाचा. जुनं गाव त्याच्या पोटात आहे. पाऊस पडला की माती वाहून जाते आणि मणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. माणूस कितीही शिकलेला असो, इथं त्याचा हात खाली जातोच. म्हणून टेकाड उतरायच्या आधी ती पायवाटेत आडवी उभी राहायची. "मुठी उघडा." साहेब असो नाहीतर कीर्तनकार, सगळे शाळेतल्या पोरांसारखे हात पुढं करत. "जिथनं उचललं तिथं ठेवा. गावाचं हाय ते, गावातच ऱ्हाऊ द्या." लहानपणी हिनंच इथले मणी दोऱ्यात ओवून गळ्यात घातले होते, असं मी चहाडी केल्यासारखं सांगायचो. त्यावर ती म्हणायची, "घालून हितंच हिंडत व्हते. पुण्याला न्हाय नेले."

उन्हाळ्यातल्या शेवटच्या फेरीत टेकाडावर तिचा पाय घसरला. लागलं नाही, पण हातातली हिरवी बांगडी दगडावर आपटली.

"फुटली का?" मी विचारलं.

"फुटली म्हणू नका. वाढवली म्हणा," ती माझ्यावरच डाफरली. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगडीला फुटणं हा शब्द आमच्याकडं लावत नाहीत. नवऱ्याच्या जिवाला तो बरा नव्हे. मग मनगट झटकत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सांभाळा हं आता. तुमचंच काय तरी व्हायचं." मी छातीला हात लावून दोन पावलं लटपटून दाखवलं. लई हसले लोक. ती पण.

पावसाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "नशिबाची. भरल्या हातानं गेली." मी मान हलवायचो. हे नशीब कुठल्या बाजूला मांडायचं ते गणिताच्या मास्तराला कळत नव्हतं. तिच्या हातातल्या बांगड्या तिच्याबरोबर गेल्या. घरातल्या उरलेल्या, भाग्याच्या म्हणून बायकांनी मागून नेल्या.

थंडी पडल्यावर मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, माणसं विचारायलेत. या की."

गेलो. राजाच्या आजोबांपर्यंत पोचलो, त्यांच्याही वडिलांपर्यंत गेलो. कुणी अडवलंच नाही. सगळे अदबीनं ऐकत राहिले. इतकं निमूट ऐकून घेतलेलं भाषण माझ्या आयुष्यातलं पहिलंच, आणि ते मला संपवता येईना. शेवटी मेव्हणाच खाकरला.

टेकाडावर लातूरहून आलेल्या एका बाईंनी तळहात पुढं केला. "सर, ही बांगडी किती जुनी असेल?"

हिरव्या काचेचा, अर्ध्या बोटाएवढा तुकडा. कडेला सोनेरी ठिपक्यांची रेघ. पावसानं धुऊन वर काढलेला.

मला काहीही विचारा, उत्तर येतं. माहीत नसलं तरी येतं. त्या वेळी मात्र मी तुकडा उचलला आणि मूठ मिटली. "जुनी नाही," एवढंच म्हणालो. मेव्हण्यानं माझ्या मुठीकडं बघितलं आणि तो तेरणा नदीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. तुकडा घरी न्यायचा, हे माझं तेवढ्यात ठरूनही गेलं होतं.

उतरायची वेळ झाली. आधी येऊन गेलेले दोघं-तिघं सवयीनं पायवाटेपाशी थांबले, म्हणून बाकीचेही थांबले. पायवाट मोकळी होती. ते दोन शब्द कुणीतरी म्हणायला हवे होते. मेव्हणा काही वळेना.

"मुठी उघडा," मी म्हणालो. आवाजाला धाक नव्हता. वर्गात पोरं ज्याला दाद देत नाहीत तोच आवाज. तरी हात पुढं आले. खापरं, एक मणी, एका आजोबांच्या पिशवीतून तर मडक्याचं अख्खं तोंड निघालं. सगळ्यांनी वाकून जिथलं तिथं ठेवलं. लातूरच्या बाई तेवढ्या रिकाम्या हातानं उभ्या होत्या.

तिचं पुढचं वाक्य माझ्याच्यानं निघेना. मी बाईंना विचारलं, "कुठं सापडला होता?"

त्यांनी दगडाजवळची जागा दाखवली. मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. तुकडा ठेवला, बोटांनी वर थोडी माती ओढली. मग उगाच आणखी थोडी ओढली. खाली मेव्हण्याच्या घरी पानं मांडली असतील, ऊनही चढलं होतं. मंडळी बिचारी ताटकळत उभी राहिली. आटपा म्हणायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.