पुढचा गडी

आमच्या ताईचं काम म्हणजे लोकांच्या घरी फोन करून माणूस आहे की गेला ते विचारणं. फुप्फुसाचा कॅन्सर फार पुढे गेल्यावर सापडलेल्या रुग्णांची नोंदणी हॉस्पिटलातल्या आमच्या खोलीत होते. औषध कुठलं, लागू पडलं का, पुढे काय झालं. मी समोरच्या टेबलावर बसतो आणि पंख्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांवर करवादतो. ताई मात्र समोरच्याला लागेल असं विचारत नाही. "जेवण जातंय ना त्यांना?" एवढंच. उत्तरावरून काय ते समजायचं.

गेल्या वर्षी तिच्या सख्ख्या भावालाच, दादाला, तो आजार निघाला. नवी गोळी सुरू झाली, पण दादाची कुरकुर थांबेना. मग ताईने नाव न सांगता त्याला एका रुग्णाचं सांगितलं. तीच गोळी, दोन वर्षं झाली, माणूस ठणठणीत. दादाने त्याला 'पुढचा गडी' म्हणायला सुरुवात केली. तो चालतोय तोवर मीही चालतो, म्हणायचा.

परवा दादाच्या अंगावर पुरळ उठलं. खाजेने बेजार झाला आणि गोळी बंद करतो म्हणाला. पुढच्या गड्याने काय केलं होतं ते विचारावं म्हणून ताईने फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर. त्याच्या बायकोने उचलला.

"मजेत आहेत. काल दोन घास जास्तच जेवले."

"त्यांच्याशीच बोलायचं होतं."

"झोपलेत."

"दर वेळी झोपलेलेच असतात हो. उठवा ना जरा."



"गेले ते, ताई. पाच महिने झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या तुम्ही एकट्याच उरला होता. गेले म्हटलं असतं तर तुमचाही फोन बंद झाला असता."

ताईने फोन आपटला. "खोटारडी," म्हणाली. राग येण्यासारखंच होतं. आमच्या आकड्यांत तो माणूस पाच महिने जिवंत फिरत होता. तिने नोंद दुरुस्त केली आणि तोंड धुवायला गेली. मला त्या बाईचा राग येईना, म्हणून मी पंख्यावर काढला.

दुपारी दादा तपासणीला आला. धापा टाकत खुर्चीत बसला.

"काय म्हणतोय आपला पुढचा गडी?"

"मजेत आहे," ताई म्हणाली. "काल दोन घास जास्तच जेवला."

"मग घेतो बाबा गोळी," दादा म्हणाला.

तो गेल्यावर ताईने पुन्हा त्याच घरी फोन लावला. नोंद बंद झाली होती, विचारायचं काही उरलं नव्हतं.

"जेवलात का तुम्ही?" तिने विचारलं.