मास्तरांची सैल पट्टी

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, ती शिवणकामामुळे. शाळेत कसले शिकवतात! चौथीतच दप्तराला रामराम ठोकलेला माणूस. पण हात असा, की त्यांनी शिवलेला सदरा काखेत काचला अशी तक्रार एकदाही आली नाही. "शिवण कुठे दाबता कामा नये, सूतभर सैल ठेवायचीच," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

अशा माणसाच्या जिवाला पोरीच्या डोळ्याचा घोर लागला. चिमी सहा वर्षांची, आणि डावा डोळा अधू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळा चांगला आहे, मास्तर. अडलंय मेंदूत. तिथल्या पेशींची एकमेकींशी जोडणी वापरानंच पक्की होते. सगळं काम उजवा ओढतो, म्हणून डाव्याची जोडणी कच्ची राहिली. उजवा रोज सहा तास झाका. आत्ताच काय ते होईल, वय वाढलं की कठीण."

मास्तरांनी त्याच दिवशी उजवा डोळा झाकायला घेतला. चिकटपट्टी लावली तर पोरीची कातडी लालबुंद झाली, रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. बापाचंच काळीज ते! त्यांनी मऊ कापडाची दुहेरी पट्टी शिवली, चष्म्याच्या काचेवर बसणारी. काचू नये म्हणून नाकापाशी जरा सैल. चिमी खूश. पट्टी लावून चित्रं रंगवायची, रंग रेघेबाहेर जाईना. "बघ, डावा कसा कामाला लागला!" मास्तर बायकोला सांगत सुटले.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डावा होता तिथेच.

"पट्टी लावता ना?" बाईंनी विचारलं.

"लावतो म्हणजे? एक मिनिट चुकवलं नाही!"

बाईंनी चिमीला पट्टीसकट अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. पोरीनं मान किंचित वळवली आणि धडाधड वाचलं. मग बाईंनी नाकापाशी पट्टीवर बोट दाबलं. वाचन बंद.

फटीतून उजवाच बघत होता! तीन महिने! मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीवर रागवायचं कशाला, राग आला तो स्वतःच्या हातांचा.

"वेळ गेली का हो?"

"अजून नाही. पण आता एक दिवसही घालवू नका."

घरी येताच त्यांनी ठेवून दिलेली चिकटपट्टी बाहेर काढली. बायको म्हणाली, "मला बघवत नाही. पण लावा, घट्ट लावा." मास्तरांनी पट्टीच्या कडा अंगठ्यानं दाबून दाबून बसवल्या. चिमी आधी किंचाळली, मग समोर हात पसरून चाचपायला लागली. मास्तर हातभर अंतरावर बसले होते.

"बाबा, तुम्ही हसताय की रागावलात? मला तोंडच दिसत नाही."

"हसतोय गं," मास्तर म्हणाले, आणि गालावरचं पाणी त्यांनी पुसलंही नाही.