सबनीस आणि छातीवरचे पंख

सबनीस दुकानात शिरले की माझ्याकडे बघायचेच नाहीत. दाराशी उभ्या केलेल्या पुतळ्याकडे वळायचे, त्याच्या हिरव्या फ्लाइंग सूटची चेन वर ओढायचे, मी हौसेने दुमडलेल्या बाह्या मनगटापर्यंत सोडायचे आणि म्हणायचे, "वैमानिक आहे हा. गाडीवरचा फळवाला नव्हे."

मला तो माणूस कधीच आवडला नाही. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन ते नवीन पनवेलला राहायला आले होते. वैमानिकांचे सूट, हेल्मेट, पॅराशूट तपासून देण्यात त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. माझं पनवेलच्या बाजारात गणवेशांचं दुकान. शाळेचे, वॉचमनचे कपडे. अलीकडे हौशी लोकांची मागणी वाढली म्हणून हे सूट आणि त्यांवर चिकटवायचे बिल्ले. सबनीस भर गिऱ्हाइकासमोर बजावायचे, "पंख डाव्या छातीवर, आणि विमान उडवणाऱ्याच्याच. मी जन्मभर हे सूट हाताळले, पण पंख कधी लावले नाहीत." गिऱ्हाईक निघून जायचं.

"काका, मला धंदा करू द्या," मी ओरडायचो.

"करा की. चोरीच्या मालाचा नको."

एकदा चिडून विचारलं, बाह्या दुमडल्या तर काय आभाळ कोसळतं? म्हणाले, "आग लागली तर आधी कापड जळतं, हात वाचतो. बाही दुमडलेला हात मी पाहिलाय." आणि पुतळ्याची दुसरी बाही खाली ओढली. कुणाचा, ते मी विचारलं नाही. त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती.

आमच्या भागात एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. विमानतळासाठी त्यांच्या गावाची जमीन गेली; त्या आंदोलनातून पुढे आलेले. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला त्यांनी माझ्याकडून सूट नेला, छातीवर सोनेरी पंखांसकट. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. भाऊ भाषणाला उभे राहिले, तर सबनीस रांगेतून निघून सरळ त्यांच्यासमोर.

"हे पंख काढा."

"का म्हून?"

"तुमचे नाहीत."

भाऊ हसले नाहीत. माइक हातातच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "माजं शेत त्या धावपट्टीखाली हाय. बापाला जाळला ती जागा बी तितंच. त्या इमानाचं पंख मी छातीवर लावलं तर तुमचं काय गेलं?"

मला वाटलं, आता तरी म्हातारा खाली बघेल.

"जमीन तुमची होती," सबनीस म्हणाले. "ती तुमच्याकडून घेतली. पंख तुमचे नव्हते."

आणि त्यांनी बिल्ला ओढून काढला. चर्र आवाज माइकमधून घुमला. भाऊंच्या बरोबरच्या पोरांनी सबनीसांना ढकललं, एकाने थोबाडीत दिली. चष्मा मातीत पडला. सबनीसांनी तो आधी उचलला नाही, बिल्ला भाऊंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "पायाखाली येऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांत तक्रार केली. मारहाणीची नव्हे, हवाई दलाचे गणवेश उघड विकतो म्हणून माझ्या दुकानाची. हवालदार आले, सगळे सूट-बिल्ले उतरवून घेऊन गेले. मी सबनीसांना रस्त्यात गाठून नाही नाही ते बोललो. ते फक्त म्हणाले, "झालं? आता बटणं लावा शर्टाची." त्यांच्या सोसायटीतही भाऊंना दुखवायची कुणाची हिंमत नव्हती, लोक सबनीसांशी बोलेनासे झाले. पावसाळ्याआधी ते मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. बातमी कळली तेव्हा मी दुकानाची पाटी पुसत होतो. पुसतच राहिलो.

काही दिवसांनी भाऊ दुकानात आले, स्टुलावर बसले.

"म्हातारा गेला म्हंतात."

"गेला. सुटलो."

भाऊंनी मान हलवली, पण उठले नाहीत. "मोर्चे काढून पाय झिजले. जो भेटला तो बोलला, सरकारची जागा, प्रकल्पाची जागा. तुमची होती, तुमच्याकडून घेतली, असं माज्या तोंडावर कोनी बोललं नाय." मग ते उठले. "त्यो एकटाच बोलला. आनि आमी त्याला मारला."