कूलरमधलं अत्तर
संत्र्याच्या सालीला नख लावलं की तो झणझणीत वास येतो आणि मला माझी अत्तराची बाटली आठवते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी ती इतवारीच्या बाजारातून आणली होती. संत्रं आणि चंदनाचं हलकं अत्तर, नागपूरच्या मे महिन्यातही डोकं न उठवणारं. 'चुलीपुढं बसणारीले काहून पाहिजे वं अत्तर?' म्हणत मोठ्या जाऊबाईंनी ती आपल्या आरशामागे ठेवली, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे मनगट धरून सांगू लागल्या, 'माह्या माहेरचं हाय.' एका रविवारी त्यांच्या माहेरची माणसं जेवायला आली. कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझंच. जाऊबाई वाढण्यात गुंतल्या तशी मी आरशामागची बाटली काढली आणि सगळीच्या सगळी त्या पाण्यात ओतली. पंखा फिरला, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून संत्रं आणि चंदन बैठकभर पसरलं, जेवणारे हात थांबले. जाऊबाईंच्या आईने लेकीला विचारलं, 'एवढं भारी अत्तर कोठून आणलं वं?' सासूबाई चकित होऊन म्हणाल्या, 'तुमीच तं पाठवलं ना!' 'आमी? नाई बा!' सगळ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मी दारातून सांगितलं, 'माह्या बाबांनी आणलं होतं.' आता घरं वेगळी झाली आहेत आणि जाऊबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी दर उन्हाळ्यात भेटायला जाते, तेच अत्तर नव्यानं विकत आणून लावून जाते, आणि अगदी उशाशी बसते.